पहिल्या अल्बमनंतरची ट्रेसी चॅपमन



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यं येतात. पण गाण्यांनाही इतिहास असतो, आणि तिथेही निकाल घाईत लागतात. एकदा लागलेला निकाल मग वर्षानुवर्षं तसाच पुढे सरकत राहतो, फायलीवरच्या जुन्या शेऱ्यासारखा. आज अशीच एक फाईल उघडायची आहे.

ट्रेसी चॅपमन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका. गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः बांधते, गिटार घेऊन स्वतः गाते. १९८८ ते २००८ या २० वर्षांत तिने नव्या गाण्यांचे ८ अल्बम काढले. लोकांना त्यातला पहिला माहीत असतो. चौथ्यातलं एक गाणं माहीत असतं. बाकीच्यांबद्दल फक्त एक वाक्य माहीत असतं: ‘पहिल्यासारखं तिला पुन्हा जमलं नाही.’

माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य बोलणाऱ्या बहुतेकांनी पुढचे अल्बम नीट ऐकलेले नाहीत. पहिल्या अल्बमचं मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. पण पुढच्या सात अल्बममध्ये तिने जे काम केलं ते वेगळं होतं, आणि ते पहिल्याच्या मापाने मोजल्यामुळे लहान दिसलं. आता हे एकेक करून पाहू.

आधी पहिला अल्बम. ट्रेसीचा जन्म ३० मार्च १९६४चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातला. तिला आईनेच वाढवलं. घरात पैसा बेताचा. तरी आईने तीन वर्षांच्या पोरीला उकुलेले, म्हणजे गिटारच्या घराण्यातलं छोटं वाद्य, आणून दिलं. आठव्या वर्षी गिटार हातात आली. पुढे होतकरू मुलांना चांगल्या शाळांत पाठवणाऱ्या एका शिष्यवृत्ती योजनेतून ती कनेटिकट राज्यातल्या शाळेत गेली, तिथून टफ्ट्स विद्यापीठात. तिथे तिने मानववंशशास्त्र आणि आफ्रिकेचा अभ्यास केला. शिकत असताना बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, हार्वर्ड स्क्वेअरला, रस्त्याच्या कडेला उभी राहून ती गायची. विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने तिला ऐकलं. त्याचे वडील संगीत व्यवसायातले मोठे प्रकाशक होते. त्यांच्यामार्फत इलेक्ट्रा या कंपनीशी करार झाला आणि एप्रिल १९८८मध्ये तिच्याच नावाचा पहिला अल्बम बाजारात आला. ११ गाणी, जेमतेम ३६ मिनिटं.

तो काळ आठवा. पॉप संगीतात सिंथेसायझर आणि ड्रम मशीनचा सुकाळ होता. त्यात ही मुलगी एक गिटार आणि तो खोल, थोडा थरथरणारा आवाज घेऊन आली. ‘बिहाइंड द वॉल’मध्ये तर वाद्यच नाही. शेजारच्या घरात बाईला मारहाण होते आहे, भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू येतं आहे, आणि पोलीस आले तरी उशिरा येतात. एवढंच. नुसत्या गळ्यावर गायलेली दोन मिनिटांची साक्ष.

मग ११ जून १९८८. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. ६०हून अधिक देशांत त्याचं प्रक्षेपण झालं. ट्रेसी दिवसा आपली काही गाणी गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर गाणार होता, पण त्याच्या वाद्ययंत्रणेची हार्ड डिस्क सापडेना. तिच्याशिवाय तो गायला तयार नव्हता. इतक्या मोठ्या प्रेक्षकांसमोर मंच रिकामा ठेवता येत नाही. संयोजकांनी अशा कलाकाराला पुढे केलं जिला जोडाजोडीसाठी वेळ लागणार नव्हता: एक गिटार, एक माईक. ट्रेसी पुन्हा मंचावर गेली आणि ‘फास्ट कार’ गायली. त्यानंतर अल्बमची मागणी सगळीकडे एकदम वाढली. गाणं अमेरिकेच्या यादीत सहाव्या स्थानापर्यंत चढलं. अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी मिळाले.

त्याच वर्षी ती भारतातही येऊन गेली, हे आज फार कमी लोकांना आठवतं. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला ४० वर्षं होत होती. त्यानिमित्त ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जगभर संगीतदौरा काढला होता. ३० सप्टेंबर १९८८ला तो दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पोहोचला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, सेनेगलचा यूसू एन्दूर अशी मोठी मंडळी, आणि त्यांच्यात ही २४ वर्षांची, पहिला अल्बम येऊन सहा महिनेही न झालेली मुलगी.

आता सैन्यातल्या सवयीने एक प्रश्न विचारतो. यश मिळालं तर ते कशामुळे मिळालं? जवानांच्या हिमतीमुळे किती, जमिनीच्या उतारामुळे किती, आणि शत्रूच्या चुकीमुळे किती? हे वेगळं काढलं नाही तर पुढच्या मोहिमेबद्दल चुकीच्या अपेक्षा तयार होतात. ट्रेसीच्या बाबतीत तेच झालं. गाणी उत्तम होती, यात वाद नाही. पण मंडेलांसाठी भरलेलं मैदान, हरवलेली डिस्क, यंत्रसंगीताला कंटाळलेले कान, हे सगळं एका उन्हाळ्यात जुळून आलं. असं काही ठरवून पुन्हा घडवता येत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. पहिल्या अल्बममागे लेखकाचं सगळं आयुष्य उभं असतं. ‘टॉकिन बाऊट अ रेव्होल्यूशन’ तिने शाळेत असताना, १६व्या वर्षाच्या सुमारास लिहिलं होतं. म्हणजे ती ११ गाणी कित्येक वर्षांच्या साठवणीतून निवडलेली होती. दुसरा अल्बम मात्र दीड वर्षात द्यायचा होता, तोही दौरे, मुलाखती आणि समारंभ सांभाळून. धान्य साठवायला वर्षं लागतात, आणि पाहुणे मात्र पुढच्याच आठवड्यात पुन्हा जेवायला येतात, तसा हा प्रकार.

तो दुसरा अल्बम म्हणजे ऑक्टोबर १९८९चा ‘क्रॉसरोड्स’. ब्रिटनमध्ये तोही पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत नवव्या. हे आकडे पडझडीचे नाहीत. पण पहिल्याच्या शेजारी ठेवले की लहान वाटतात. त्यात ‘फ्रीडम नाऊ’ हे मंडेलांसाठीचं गाणं आहे, ते तुरुंगात असतानाच आलेलं. मंडेला सुटले ११ फेब्रुवारी १९९०ला. त्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीत त्यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला, तेव्हाही ट्रेसी तिथे गायली. ‘सबसिटी’ या गाण्यात शहराच्या तळाशी जगणारा माणूस थेट राष्ट्राध्यक्षांना निरोप पाठवतो, आणि त्या निरोपातला उपरोध पहिल्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा धारदार आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शीर्षकगीत. अमेरिकेच्या दक्षिणेत एक जुनी दंतकथा आहे. गायक मध्यरात्री चौरस्त्यावर जातो आणि सैतानाला आत्मा विकून कला मिळवतो. ट्रेसीने ती कथा घेतली आणि आपल्यावर मालकी सांगणाऱ्यांना सुनावलं: माझ्यासाठी तुम्ही काही सोसलेलं नाही, मग माझं आयुष्य तुमचं कसं? प्रसिद्धी येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे २० वर्षं जे होणार होतं ते तिने तिथेच ओळखलं होतं.

आणखी एक गोष्ट अल्बमच्या वेष्टणावर छापलेली आहे, पण कोणी वाचत नाही. पहिल्या अल्बमचा निर्माता एकटा डेव्हिड कर्शनबॉम होता. ‘क्रॉसरोड्स’पासून शेवटच्या अल्बमपर्यंत प्रत्येक वेळी सहनिर्माती म्हणून ट्रेसीचं नाव आहे. सोबतची माणसं बदलत गेली: पुन्हा कर्शनबॉम, जिमी आयोव्हीन, डॉन गेमन, जॉन पॅरिश, चॅड ब्लेक, लॅरी क्लाईन. ती मात्र कायम. गाणं कसं ऐकू यावं, कुठलं वाद्य किती पुढे यावं, हे ठरवण्याचा हक्क तिने दुसऱ्याच अल्बमला घेतला आणि सोडला नाही. ज्याला लोक उतार म्हणतात तो तिने स्वतः सूत्रं हाती घेतल्याचा काळ आहे.

१९९२ला ‘मॅटर्स ऑफ द हार्ट’ आला आणि अमेरिकेच्या यादीत ५३व्या क्रमांकावर थांबला. इथे समीक्षकांचं म्हणणं काही अंशी पटतं. वाद्यांचा थर जाड झाला आहे, काही गाणी लांबतात. पण त्यातलं पहिलंच गाणं ऐका, ‘बँग बँग बँग’. वस्तीतल्या पोराच्या हातात बंदूक द्या, त्याला आपसात लढू द्या, आणि मग एक दिवस ती नळी तुमच्याकडे वळते. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस लॉस एंजेलिस पेटलं. रॉडनी किंगला मारहाण करणाऱ्या पोलिसांना न्यायालयाने निर्दोष सोडल्यावर उसळलेल्या त्या दंगलीत ५०हून अधिक माणसं मेली. हे गाणं त्याआधी रेकॉर्ड झालेलं होतं. शस्त्र कोणी कोणाच्या हातात दिलं आणि शेवटी ते कुणावर उलटलं, हा हिशेब ज्यांनी नोकरीत पाहिला आहे त्यांना त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

त्याच अल्बममध्ये ‘आय यूज्ड टू बी अ सेलर’ आहे. एकेकाळी सगळे समुद्र पालथे घातलेला खलाशी, पण त्याची होडी काढून घेतलेली. निवृत्त माणसाने हे गाणं एकटं असताना ऐकू नये, एवढंच सांगतो. २८ वर्षांच्या मुलीला हे कुठून कळलं असेल?

आता १९९५. ‘न्यू बिगिनिंग’ आला. त्यातलं ‘गिव्ह मी वन रीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे ‘फास्ट कार’पेक्षाही वर. १९९७मध्ये त्याला सर्वोत्तम रॉक गाण्याचा ग्रॅमी मिळाला. सगळीकडे लिहून आलं की ट्रेसी परतली.

मंडळी, इथेच ती सगळी प्रचलित गोष्ट कोसळते. कारण ‘गिव्ह मी वन रीझन’ हे गाणं नवं नव्हतंच. डिसेंबर १९८९मध्ये, ‘क्रॉसरोड्स’च्या दिवसांत, तिने ते अमेरिकेच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रचंड लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात गाऊन दाखवलं होतं. म्हणजे ज्या काळात तिची धार गेली असं म्हणत होते, त्याच काळात तिच्या खिशात कारकिर्दीतलं सगळ्यात वर चढणारं गाणं होतं, आणि ते तिने सगळ्या देशासमोर गाऊनही दाखवलं होतं. लेखणी तीच होती. बाजाराचा कान मधल्या सहा वर्षांत वळला. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की कितीतरी दंतकथा अशाच उघड्या पडतात.

दुसरं म्हणजे हे गाणं गरिबीबद्दल नाही, वर्णद्वेषाबद्दल नाही. बारा बारच्या आवर्तनांचा जुना ब्लूज आहे, आणि त्यात एक बाई जोडीदाराला सांगते: राहण्यासाठी एक कारण दे, नाहीतर मी निघते. विनवणी आहे, पण स्वाभिमान पूर्ण शाबूत ठेवून. तिला फक्त निषेधाची गाणी जमतात, या समजाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

त्यानंतरचे चार अल्बम तर जवळपास न ऐकताच बाजूला ठेवले गेले. २०००चा ‘टेलिंग स्टोरीज’, २००२चा ‘लेट इट रेन’, २००५चा ‘व्हेअर यू लिव्ह’ आणि २००८चा ‘अवर ब्राइट फ्यूचर’. आवाज आणखी खाली आलेला, वाद्यं विरळ झालेली, शब्द कमी. ‘टेलिंग स्टोरीज’चं शीर्षकगीत दोन माणसांमधल्या जागेत साठत जाणाऱ्या खोट्याबद्दल आहे. ‘लेट इट रेन’मधलं ‘से हालेलूया’ हे अंत्यविधीचं गाणं आहे, पण चर्चमधल्या समूहगानाच्या जोषात, मागे राहिलेल्यांना डोळे पुसून ताठ उभं राहायला सांगणारं. लष्करी इतमामातला निरोप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रडणं आणि ताठ उभं राहणं एकाच वेळी कसं करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘व्हेअर यू लिव्ह’ हा माझ्या मते तिचा सगळ्यात कमी लेखला गेलेला अल्बम. त्यात ‘अमेरिका’ नावाचं गाणं आहे. वाट चुकून किनाऱ्याला लागलेले लोक ती भूमी जिंकतात, आणि ते जिंकणं अजून संपलेलं नाही, असा त्याचा रोख. हे २००५ साली, अमेरिकी फौजा इराकमध्ये असताना. कोणी फारशी दखल घेतली नाही. हेच गाणं १९८८च्या अल्बमवर असतं तर त्यावर प्रबंध निघाले असते.

आणि त्यातच ‘थ्री थाउजंड माइल्स’ आहे. यासाठी आधी ‘फास्ट कार’ची गोष्ट आठवावी लागेल. बाप दारुडा, आई सोडून गेलेली, मुलीने शाळा सोडून बापाला सांभाळलेलं. मग ती जोडीदाराच्या वेगवान गाडीतून शहर सोडते, दुकानात गल्ल्यावर काम करते, चांगल्या घराचं स्वप्न बघते. शेवटी तोही पिऊ लागतो, आणि ती त्यालाच सांगते की घे गाडी आणि जा. १७ वर्षांनी आलेल्या ‘थ्री थाउजंड माइल्स’मध्ये बोलणारी बाई तीन हजार मैल दूर पोहोचलेली आहे. पण लहानपणीची वस्ती डोक्यातून जात नाही: घोळका करून भरभर चालणाऱ्या मुली, आणि एकट्या चालल्यामुळे कित्येक दिवस न सापडणाऱ्या मुली. पहिल्या गाण्यात सुटकेची आशा होती. इथे सुटका झालेली आहे आणि तरीही झालेली नाही. हे दुसरं गाणं पहिल्याशिवाय लिहिता आलं नसतं. पण दुसरं ऐकलं नाही, तर पहिल्याची निम्मी गोष्ट हातात राहते.

हे मला का महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. भरतीच्या दिवशी उभा असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सगळ्यांना आवडतो. घर सोडून आलेला, डोळ्यांत भीती आणि आशा. फोटो त्याचाच छापतात. पण पलटण चालते ती चाळिशीतल्या हवालदारावर. त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण त्याचं दुःख चित्रमय राहिलेलं नसतं. मुलाची फी, आईचं आजारपण, वीस वर्षांत गमावलेले सोबती, आणि तरी सकाळी पाचला उभं राहणं. ‘फास्ट कार’ हे त्या मुलाचं गाणं आहे. पुढचे अल्बम हवालदाराचे आहेत.

आणि यात ऐकणाऱ्यांबद्दल एक अवघड गोष्ट लपलेली आहे. गरीब, कृष्णवर्णीय, तरुण मुलीने आपलं दुःख सांगावं हे जगाला आवडलं. ती मोठी झाली, स्टुडिओतले निर्णय स्वतः घेऊ लागली, प्रेमाबद्दल, मृत्यूबद्दल, देवाबद्दल बोलू लागली, तेव्हा तेच जग म्हणालं की आता मजा नाही. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. नामदेव ढसाळांचं नाव निघालं की आपण १९७२च्या ‘गोलपिठा’वर येतो आणि तिथेच थांबतो. १९८१चा ‘तुही इयत्ता कंची?’ किती जणांच्या कपाटात असतो? ज्याने एकदा नरकाची साक्ष दिली त्याने आयुष्यभर तीच देत राहावी, अशी आपली मागणी असते. तिला आपण कौतुक म्हणतो, पण त्यात त्या माणसाला एका जागी बांधून ठेवणं असतं.

विरुद्ध बाजूचं जे खरं आहे तेही मांडतो. काही ठिकाणी ट्रेसी उपदेश करते. ‘न्यू बिगिनिंग’मधल्या पृथ्वीच्या विध्वंसावरच्या गाण्यात आशय मोठा आहे, पण माणूस दिसत नाही, आणि माणूस दिसला नाही की तिचं गाणं भाषण होतं. शेवटच्या अल्बमांत काही चाली एकमेकींत मिसळतात. आठही अल्बम सारख्या तोलाचे आहेत असं मी म्हणणार नाही. पण सात अल्बम एका वाक्यात निकालात काढणं आणि त्यातली कमकुवत गाणी दाखवणं यात फरक आहे. दुसऱ्याला समीक्षा म्हणतात.

२०२३मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने ‘फास्ट कार’ पुन्हा गायलं आणि ते अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. कंट्री रेडिओच्या यादीत ते पहिलं आलं. पहिल्या आलेल्या गाण्याची एकटी लेखिका कृष्णवर्णीय स्त्री असण्याची तिथे ती पहिलीच वेळ होती. कंट्री संगीताच्या सीएमए पुरस्कारांत त्या वर्षीचं सर्वोत्तम गाणं म्हणून ३५ वर्षांपूर्वीचं हे गाणं निवडलं गेलं. ४ फेब्रुवारी २०२४ला ग्रॅमी सोहळ्यात ट्रेसी त्याच्यासोबत मंचावर उभी राहिली. केस पांढरे झालेले, चेहऱ्यावर हसू, आवाज तोच. सभागृह उभं राहिलं. आनंदच झाला. पण त्या आनंदातही जग पुन्हा त्याच एका गाण्यापाशी आलं होतं. त्या रात्री कोणी ‘थ्री थाउजंड माइल्स’ मागितलं नाही.

तेव्हा तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावात, आठही अल्बम आज तुमच्या फोनवर मिळतात. माझी सूचना अशी. आधी ‘फास्ट कार’ ऐका, कारण ते ऐकायलाच हवं. लगेच ‘क्रॉसरोड्स’चं शीर्षकगीत. मग ‘बँग बँग बँग’, ‘गिव्ह मी वन रीझन’, ‘से हालेलूया’, ‘अमेरिका’ आणि शेवटी ‘थ्री थाउजंड माइल्स’. सात गाणी, अर्ध्या तासाच्या आसपासचा वेळ. ऐकताना प्रत्येक गाण्याचं साल मनात ठेवा, म्हणजे एक बाई वयाच्या २४व्या वर्षापासून चाळिशीपार कशी चालत गेली ते कळेल.

त्यानंतर निकाल तुमचा. माझ्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, पण फाईल उघडून, आतले कागद वाचून ठरवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.